कोरटवाडीचे तेवीस चिंचोके

“आज कसली पडताळणी, साहेब?” चढणीला गिअर बदलत इनूसभाईंनी विचारलं.

पुढच्या सीटवर आमचे गटविकास अधिकारी दाभोळे साहेब होते. मागं मी, आणि माझ्या मांडीवर फाइल. प्रश्न तसा सोपा होता. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, “शौचालयांची.”

मी गपचूप फाइल पालथी केली. वरच्या बाजूला विषय लिहिलेला होता.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पंचायत समितीत सांख्यिकी सहायक होते. तालुक्यातल्या विहिरी, शेळ्या, लस टोचलेली पोरं, लस न टोचलेली कुत्री, असं जे जे मोजता येतं त्याचा तक्ता करून जिल्ह्याला धाडायचं, हे माझं काम. जे मोजता येत नाही किंवा मोजायचा कंटाळा येतो, त्यासाठी ऑफिसात एक रबरी शिक्का होता. त्यावर एकच शब्द: ‘निरंक’. म्हणजे शून्य, काही नाही, आमच्याकडं सगळं ठीक आहे. वापरून वापरून त्या शिक्क्याची मूठ गुळगुळीत झाली होती. बाकीचे शिक्के शोधावे लागायचे, हा कायम कुणाच्या तरी हातात असायचा.

त्या वर्षी वरून एक परिपत्रक आलं. विषय : बालकांवरील लैंगिक अत्याचारांची आकडेवारी सादर करणेबाबत. आवक बारनिशीला, म्हणजे आलेल्या टपालाच्या नोंदीला, बसणाऱ्या क्लार्कनं ते वाचलं, दचकला आणि रजिस्टरात ‘संकीर्ण’ असं लिहून मोकळा झाला. साहेबांनी वाचलं आणि टेबलावर उपडं ठेवलं. त्यानंतर ऑफिसात त्याचं नाव ‘ते परिपत्रक’ असं पडलं. मासिक बैठकीत साहेब म्हणाले, “त्या विषयाची माहिती...” आणि कुठला विषय ते पुढं सांगायच्या आत सगळ्या ग्रामसेवकांनी एका सुरात सांगितलं, “निरंक, साहेब.”

तालुक्यात एकशे बारा अंगणवाड्या. त्यातल्या एकशे अकरांचं प्रपत्र आठवड्याच्या आत आलं, निरंक. कोरटवाडीचं मात्र येईना. तिकडून येत होती पत्रं. कोरटवाडीच्या अंगणवाडी सेविका अनुसया खिलारे यांनी वहीच्या कागदावर, गोल अक्षरात, पहिल्या पत्रात विचारलं होतं की प्रपत्राच्या मागं जी व्याख्या छापलीय, तिच्यात ‘अनुचित वर्तन वगैरे’ असं आहे, तर वगैरेमध्ये काय काय धरायचं. दुसऱ्या पत्रात विचारलं होतं की घटना मोजायच्या का माणसं मोजायची. तिसऱ्यात, कधीपासूनच्या मोजायच्या. तिन्ही पत्रं मी साहेबांपुढं ठेवली. तिन्हींवर साहेबांनी बारीक पेन्सिलीनं लिहिलं, ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’

नियम कुणालाच माहीत नव्हता. बाईंनी मग स्वतःच केला. चौथ्या टपालात प्रपत्र आलं आणि त्यातल्या रकान्यात आकडा होता, तेवीस.

शिक्का माझ्या हातात होता. मारला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. मी मारला नाही. एकशे अकरा शून्यं आणि तेवीस यांची बेरीज केली, तेवीस आली, आणि तक्ता जिल्ह्याला गेला. नंतर साहेबांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की पॅडची शाई वाळली होती.

जिल्ह्यात सगळे तालुके निरंक आणि आमचा तेवीस. वरून फोन आला तो साहेबांनी उभं राहून घेतला. आठ मिनिटं “होय सर” म्हटलं. फोन ठेवून घाम पुसत मला म्हणाले की तातडीनं प्रत्यक्ष पडताळणी करायची आहे, आणि माहिती खोटी निघाली तर सेविकेला कामावरून कमी करायचं आहे. तसं पत्र मी सोमवारीच टाइप केलं होतं. फक्त सही आणि तारीख बाकी होती. मांडीवरच्या फाइलमध्ये सगळ्यात वर तेच होतं.

अनुसयाबाईंचा नवरा दोन वर्षांपासून अंथरुणाला होता, दोन मुली शाळेत होत्या, आणि घर अंगणवाडीच्या मानधनावर चालत होतं. हे मला त्या पत्राच्या वेळी त्यांची सेवानोंद काढली तेव्हा कळलं. टाइप करताना माझी बोटं तीनदा चुकली. एरवी चुकत नाहीत.

साहेबांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. माणूस वाईट नव्हता. पेन्सिलीनं जगणारा होता, इतकंच. कुठलाही शेरा आधी पेन्सिलीनं, वरिष्ठांची मर्जी कळली की शाईनं. आवाज कधी चढायचा नाही. सत्काराला कुणी हार घालायला पुढं आलं की एक पाऊल मागं सरकायचे आणि हार हातात घ्यायचे. खांद्यावर कुणी हात ठेवलेला त्यांना चालायचा नाही. आम्ही म्हणायचो, किती साधेपणा.

माझ्याबद्दलही एकदा तसाच गैरसमज झाला होता. ऑफिसच्या गणपतीत कुणाला तरी समजलं की मला लहानपणी पेटीची शिकवणी होती. सगळे मागं लागले, तांबटबाई, एक भजन होऊन जाऊ द्या. मी बोटं दुखतात म्हणून सांगितलं. लोक म्हणाले, किती लाजाळू.

तर अशी आमची वरात कोरटवाडीत शिरली. अंगणवाडी म्हणजे एकच खोली, भिंतीवर अ अननसाचा आणि हत्ती. पोरांना त्या दिवशी सुट्टी दिली होती. बायका आधीच येऊन बसल्या होत्या, अगदी दाटीवाटीनं, दारापर्यंत. इनूसभाई दारातूनच म्हणाले की साहेब, तुमचं चालू द्या, मी तोवर शौचालयं बघून येतो. साहेब त्यांना काही सांगणार होते, पण सांगायचं तर विषय सांगावा लागला असता. इनूसभाई गेले.

साहेबांना बसायला पोरांची लाल प्लास्टिकची खुर्ची दिली. दुसरी नव्हतीच. साहेब बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानांजवळ आले. फाइल मांडीवर ठेवायला मांडीच उरली नाही, म्हणून ती माझ्याकडंच राहिली.

सरपंच सर्जेराव खिलारे उभेच होते. नात्यानं ते अनुसयाबाईंचे चुलत दीर. त्यांनी सुरुवातीलाच सगळं सांगून टाकलं. गाव तिसऱ्या वर्षी आदर्श गावाच्या बक्षिसाला उभं आहे, गावात भांडण नाही, तंटा नाही, आणि ह्या आकड्यानं पोरींची लग्नं अडतील. “वहिनी, गावाची अब्रू तुम्ही टपालानं धाडली,” असं ते म्हणाले, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. तिकीट लावूनच धाडली होती.

अनुसयाबाई फळ्यापाशी उभ्या होत्या. चाळिशीच्या, किडकिडीत, बोटांना खडू लागलेला. त्या म्हणाल्या, “भाऊजी, म्या कुणाचं नाव लिवलंय का? आकडाच लिवलाय.”

मग साहेबांनी त्यांना कामाची पद्धत विचारली. पद्धत अशी होती. महिन्याच्या माता मेळाव्याला बावन्न बायका आल्या होत्या. प्रत्येकीला एक चिंचोका आणि एक फुटाणा दिला. टेबलावर दोन मडकी, अरुंद तोंडाची, दोन्हींवर फडकं. एक मोजायचं, एक टाकायचं. लहानपणी असं काही झालं असेल तर मोजायच्या मडक्यात चिंचोका, नसेल तर फुटाणा. उरलेलं दुसऱ्या मडक्यात. दोन्ही हात फडक्याखाली, त्यामुळं कुणी काय टाकलं ते शेजारणीलाही कळणार नाही. शेवटी मडकं ताटात उपडं केलं. तेवीस चिंचोके, अठ्ठावीस फुटाणे.

साहेबांचा हिशेब पक्का होता. “एक्कावन्न झाले. बावन्नावा?”

सगळ्या बायकांनी माना वळवून कोपऱ्यात पाहिलं. तिथं गिरजाआजी बसली होती. वय तिलाही माहीत नव्हतं, पण ऐंशीच्या आत नसावं. तोंडात तीन दात, आणि तिन्ही कामात होते.

“फुटाणा खाल्ला म्या,” गिरजाआजी म्हणाली. “परसाद हाय वाटलं.”

सरपंचांचा चेहरा एकदम उजळला. पुरावाच खाल्लेला आहे म्हटल्यावर सगळी मोजणीच बाद, असं त्यांचं म्हणणं पडलं. साहेबांनाही ते पटल्यासारखं दिसलं. पेन्सिल निघाली. पण अनुसयाबाईंनी शांतपणे सांगितलं की आजी बाजूला काढली तरी तेवीस ते तेवीसच राहतात.

मग साहेबांनी व्याख्येला हात घातला. आकडा हलत नसेल तर व्याख्या हलवावी, ही आमच्या खात्याची जुनी रीत. त्यांचा पहिला मुद्दा असा की परिपत्रक बालकांबद्दल आहे, आणि ह्या सगळ्या तर बाया आहेत, कुणी तिशीची, कुणी साठीची. जुनं धरायचं नाही. आताच्या बालकांपुरतंच बघायचं.

“मग पोरींना इचारू?” अनुसयाबाईंनी विचारलं.

साहेब घाईघाईनं म्हणाले, छे छे, मुलांना असलं विचारायचं नसतं.

अनुसयाबाईंनी क्षणभर विचार केला. “म्हंजी ज्यास्नी इचारता येतं त्या बालक न्हाईत, आन् जी बालक हायती त्यास्नी इचारायचं न्हाई.”

“बरोबर,” सरपंच म्हणाले. “म्हणून निरंक.”

साहेबांचा दुसरा मुद्दा, घरगुती आणि नात्यातल्या गोष्टी वगळाव्यात, त्या कौटुंबिक असतात. ह्यावर कोपऱ्यातून गिरजाआजीनं विचारलं की बाबा, आख्खं गाव खिलारे, नात्यातलं वगळलं तर राहतो कोण, एक पोष्टमन, आणि त्यो बी सायकलीवरनं उतरत न्हाई. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. साहेबांनी खोडरबर काढलं.

तिसरा मुद्दा त्यांनी जपून ठेवलेला हुकमाचा एक्का होता. पोलिसांत तक्रार नसेल तर घटना झाली असं कागदावर मानता येत नाही. ह्या हिशेबानं आकडा थेट शून्यावर येत होता. तो कागदावर लिहून साहेब जरा सैल झाले, खुर्चीवर शक्य तितके.

अनुसयाबाई म्हणाल्या, “मागल्या साली दगडूनानास्नी साप चावला. दवाखान्यात न्यायच्या आदीच गेले. चिठ्ठी न्हाई, कागूद न्हाई. मग त्यो साप बी निरंकच म्हणायचा का, साहेब?”

साहेबांनी पेन्सिल कानावर ठेवली. तेवढ्यात दारातून इनूसभाईंनी वर्दी दिली की साहेब, बारा शौचालयं पाहिली, दहा ठीक, दोनांत कोंबड्या बसल्यात.

आता प्रत्यक्ष फेरमोजणीशिवाय इलाज नव्हता. साहेबांनी ठरवलं की ह्या वेळी सगळं नियमात होईल. अधिकृत व्याख्या मोठ्यानं वाचली जाईल, हजेरीपत्रक होईल, आणि हजेरीवरच्या सह्या आणि मडक्यातल्या बिया तंतोतंत जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर मोजणी रद्द आणि पत्रावर सही. पत्र माझ्याकडं आहे ना, असं त्यांनी मला विचारलं. मी आहे म्हटलं. अनुसयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि हातातला खडू पाटावर ठेवला.

साहेब परिपत्रक घेऊन उभे राहिले. खुर्चीही त्यांच्याबरोबर थोडी उठली, ती मागून एका बाईनं ओढून काढली. त्यांनी घसा साफ केला. “विषय,” असं म्हणाले. पुन्हा घसा साफ केला. “बालकांवरील,” इथपर्यंत आले आणि कागद माझ्याकडं दिला की माझा चष्मा बदलायला झालाय. मी सगळ्या तालुक्याच्या शेळ्या न अडखळता वाचणारी बाई. पन्नास बायकांसमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडातून तो पुढचा शब्द काही फुटेना. मी कागद इनूसभाईंपुढं धरला. इनूसभाई दोन पावलं मागं गेले. “मॅडम, मी वाहनचालक आहे,” ते म्हणाले.

शेवटी अनुसयाबाईंनी आपली वही उघडली. त्यांची व्याख्या एका ओळीची होती, आणि ती त्यांनी पोरांना धडा वाचून दाखवावा तशी वाचली.

“लहान असताना कुणा मोठ्या माणसानं तुझ्या अंगाशी असं काही केलं का, की हे आईला सांगायचं नाही, हे कुणी न सांगता तुला कळलं?”

साहेबांनी काहीतरी लिहायला कागदावर पेन्सिल टेकवली, आणि काही न लिहिता परत कानावर ठेवली. त्यांनी त्या व्याख्येला हरकत घेतली नाही, हे मला तेव्हा नवलाचं वाटलं.

हजेरीपत्रक फिरलं. सगळ्यात वर अध्यक्ष म्हणून साहेबांनी स्वतःच, सवयीनं, झोकदार सही केली. खाली पथक म्हणून मी केली, इनूसभाईंनी केली. सरपंच मागं कसे राहतील, त्यांनीही केली. मग मेळाव्याच्या त्याच बावन्न बायका. एकूण छप्पन्न. आणि मग ते साहेबांच्या लक्षात आलं. नियम त्यांचाच होता, सह्या आणि बिया जुळल्या पाहिजेत. सही खोडायची तर हजेरीपत्रकात खाडाखोड, म्हणजे मोजणी पुन्हा रद्द. साहेब आपल्याच सहीकडं असे बघत राहिले की जणू ती दुसऱ्या कुणी केली होती.

“चला, करून टाकू,” सरपंच म्हणाले. “चार फुटाणे आपलेच वाढले.”

अनुसयाबाईंनी मडकी मांडली आणि पुन्हा एकेक चिंचोका, एकेक फुटाणा वाटला. इनूसभाई पहिले. त्यांना अजून हा शौचालयाच्याच योजनेचा भाग वाटत होता, पण अनुसयाबाईंची ओळ त्यांनी ऐकली होती. गेले, टाकलं, आले. सरपंच गेले, आले. मग साहेब गेले. फडक्याखाली दोन्ही हात घातले आणि तसेच उभे राहिले. एवढा वेळ की शेवटी इनूसभाईंनी काळजीनं विचारलं, “साहेब, अडकला का हात?” साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. हात बाहेर काढून रुमालानं पुसले.

मग मी. उजव्या हातात फुटाणा, डाव्यात चिंचोका. फुटाणा टाकायचा, हे मी उठतानाच ठरवलं होतं. मी सरकारी कामावर होते, मी काही कोरटवाडीची नव्हते. पण ती ओळ कानातून जाईना. मला पेटी येत नाही. दोन वर्षं मास्तर घरी येत होते, आई आत त्यांच्यासाठी भजी तळायची, आणि मला सारेगमच्या पुढं काही वाजवता येत नाही, आणि ते का, हे आईनं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. मी मोजायच्या मडक्यात चिंचोका सोडला. तो तळाला लागल्याचा आवाज मला फार मोठा वाटला. खरं तर कुणालाच ऐकू गेला नसेल.

बायका एकेक करून गेल्या. शेवटी गिरजाआजी, दोघींच्या आधारानं. ती जरा जास्तच चाचपडली.

मोजणं माझं काम. ताटात मडकं उपडं केलं. दहादहाचे ढीग लावले. साहेब शेजारी उकिडवे बसून बघत होते. फुटाणे तीस. चिंचोके सत्तावीस. मी पुन्हा मोजले. सत्तावीस.

“सत्तावन्न,” सरपंच म्हणाले. “सह्या छप्पन्न. एक जास्त. मोजणी रद्द. साहेब, काढा पत्र.”

अनुसयाबाई भिंतीला टेकल्या. माझा हात फाइलवर होता आणि तो मला उचलवेना.

“माझं दोन हायती,” कोपऱ्यातून गिरजाआजी म्हणाली. तिनं पदराची सुटलेली गाठ दाखवली. “येक मागल्या खेपंचा. तवा टाकायला धीर झाला न्हाई, बांधून घरी नेला. येक आजचा.”

साहेबांनी तिला हळूच विचारलं की आजी, फुटाणा कुठं आहे. आजी म्हणाली, खाल्ला. मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी प्रेमानं, की आजी, एका माणसाचा एकच चिंचोका टाकायचा असतो.

“माणसं दोन व्हती, बाबा,” गिरजाआजी म्हणाली.

तिच्या आवाजात काही नव्हतं. विहिरी किती, तर दोन, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मला अनुसयाबाईंचं दुसरं पत्र आठवलं. घटना मोजायच्या का माणसं मोजायची. त्याच्यावर साहेबांनी काय लिहिलं होतं तेही आठवलं. साहेबांनाही आठवलं असणार, कारण त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि खिशात घालून टाकली.

आता हिशेब उघड होता, आणि खोलीतल्या ज्याला बेरीज येते त्या प्रत्येकाला तो येत होता. आजीचे दोन वजा केले तर पंचवीस राहतात. आजी सोडून बायकांचे मागच्या वेळी तेवीस होते. दोन वाढले. नवीन माणसं चार आली होती. सरपंचांनी साहेबांकडं पाहिलं, इनूसभाईंनी सरपंचांकडं पाहिलं, आणि मी ताटाकडं पाहत राहिले. मग सरपंच म्हणाले की साहेब, जाऊ द्या हो, निरंक करून टाका, गावाचंही भलं आणि तुमचंही.

“सरपंच, बसा,” साहेब म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता, पण सरपंच बसले. लाल खुर्चीवरच बसले, दुसरी नव्हतीच.

साहेबांनी माझ्याकडून फाइल मागितली. वरचं पत्र काढलं, वाचलं, उभं फाडलं आणि त्याच्या अर्ध्या कागदाचा कोन केला. ताटातले फुटाणे त्यात भरून गिरजाआजीच्या हातात दिले. मग पडताळणीचं प्रपत्र भिंतीला टेकवून त्यांनी खिशातलं शाईचं पेन उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचत वाचत भरू लागले.

“विषय : बालकांवरील लैंगिक अत्याचारांची आकडेवारी.” ह्या वेळी चष्म्याची काही तक्रार नव्हती.

“म्हणजे शौचालयाचं नव्हतं?” इनूसभाईंनी मला हळूच विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली.

“मूळ आकडा तेवीस,” साहेब वाचत होते. “पडताळणीनंतरचा आकडा, माणसं सव्वीस, घटना किमान सत्तावीस. सेविकेचं काम समाधानकारक.” मग एक रकाना राहिला. मूळ आकड्यात फरक असल्यास त्याचं कारण. साहेब थांबले. अ अननसाच्या चित्राकडं बराच वेळ बघत राहिले, मडक्यापाशी उभे होते तसेच. मग त्यांनी लिहिलं, आणि हे मात्र वाचलं नाही. खाली सही केली आणि कागद माझ्यापुढं धरला.

कारणाच्या रकान्यात दोन नोंदी होत्या. पहिली : ‘श्रीमती गिरजाबाई खिलारे यांचा आधीच्या वेळी राहिलेला.’ दुसरी : ‘पडताळणी पथक.’

साहेबांच्या सहीखाली माझ्या सहीची जागा होती. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

“तांबटबाई, नाही केलीत तरी चालेल,” ते म्हणाले. “मी सांगेन, पेनातली शाई वाळली होती.”

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं.

“वाळली नाही, सर,” मी म्हटलं, आणि सही केली.